वापरलेली स्विफ्ट: पुण्याची २०१६ की चिपळूणची २०१७? बयाणा देण्याआधी काय तपासू?

कोयनाकाठ (कराड)

नमस्कार मंडळी. घरासाठी वापरलेली पेट्रोल स्विफ्ट घ्यायची आहे. नाव लावण्याचा आणि पहिल्या सर्व्हिसचा खर्च धरून साडेचार लाखांच्या आत बसवायचं आहे. रोजचं चालणं २५-३० किलोमीटर, अधूनमधून पुणे. दोन गाड्या समोर आहेत.

पहिली पुण्याची, एमएच १२, ऑगस्ट २०१६ ची व्हीएक्सआय. एकच मालक, मीटरवर ६१,०००, मागणी ४ लाख १० हजार. आरसीवर बँकेचा बोजा दिसतो. मालक म्हणतात कर्ज केव्हाच फिटलंय, तुम्ही काळजी करू नका.

दुसरी चिपळूणची, एमएच ०८, मार्च २०१७, तीही व्हीएक्सआय. दुसरा मालक, मीटरवर ४८,०००, गाडी एजंटकडे, मागणी ३ लाख ४० हजार. फोटोत आतून एकदम नवी दिसते, सीट कव्हर आणि खालचं मॅटिंग नवं घातलंय.

सत्तर हजारांचा फरक मोठा आहे, म्हणून मन दुसरीकडे झुकतंय. गाडी बघायला जाताना नेमकं काय बघायचं, कुठली कागदपत्रं मागायची आणि घेतल्यावर किती खर्च धरायचा, हे जाणकारांनी सांगावं.

---

विमापत्र

दुसऱ्या गाडीबद्दल आधी लिहितो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं तेव्हा रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाड्या विमा कंपन्यांनी टोटल लॉस (दुरुस्ती परवडणार नाही अशा) धरल्या की भंगार म्हणून लिलावात जातात, आणि त्यातल्या काही साफसूफ होऊन पुन्हा बाजारात येतात. तुमची गाडी त्यातलीच आहे असं मी म्हणत नाही. पण मार्च २०१७ ची, त्या भागातली, मध्ये मालक बदललेला, भाव एवढा खाली आणि आतलं सगळं नवं, हे एकत्र आलं की कागद मागितल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही.

कुठला कागद? जुन्या विमा पॉलिसी, ओळीनं सगळ्या. त्यावर नो क्लेम बोनसचा आकडा असतो. क्लेम न घेता वर्ष गेलं की नूतनीकरणाला तो २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के होतो. नुकसानीचा क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर येतो. तुमची गाडी मार्च २०१७ ची, म्हणजे कधीच क्लेम नसेल तर मार्च २०१८ ला २०, २०१९ ला २५, २०२० ला ३५, २०२१ ला ४५ आणि मार्च २०२२ ला ५० दिसायला हवा. मार्च २०२१ ला ४५ आणि मार्च २०२२ ला शून्य असेल, तर त्याच वर्षात क्लेम झाला आहे. कशाचा, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.

दोन खाचा लक्षात ठेवा. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीवर बोनस नसतोच, त्यामुळे एजंटनं फक्त चालू थर्ड पार्टी पॉलिसी पुढे केली तर त्यातून काहीच कळत नाही. आणि मालक बदलला की बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, नव्याचा शून्यापासून सुरू होतो. म्हणून मालकबदलाची तारीख शेजारी ठेवूनच आकडे वाचा.

---

दहा नंबर पाना

मी यांत्रिक भागाचं लिहितो. दोन्ही गाड्यांना हेच लागू. २०१६-१७ च्या पेट्रोल स्विफ्टमध्ये ११९७ सीसीचं के-सिरीज इंजिन आहे. टायमिंगला चेन आहे, बेल्ट नाही, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. पण ऑइल वेळेवर बदललं नसेल तर हीच चेन आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर आवाज करायला लागतात.

गाडी थंडच बघायची. मालकाला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावा. कोमट असेल तर थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी या. सुरू करण्याआधी ऑइल भरायचं झाकण उघडून टॉर्चनं आत बघा. मधासारखा तांबूस थर चालतो, काळा चिकट गाळ नको. झाकणाखाली दुधासारखा फेस असेल तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता आहे. (पावसाळ्यात नुसत्या जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही थोडा ओलावा दिसतो, म्हणून डिपस्टिकही बघा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल तर घाबरू नका.) कूलंटच्या डब्यात गंजकट पाणी असेल तर कोणीतरी नळाचं पाणी भरून चालवली आहे, मग रेडिएटर आणि वॉटर पंपाकडे संशयानं बघा.

आता चालू करा. पहिली एक-दोन सेकंद हलकी खडखड, ऑइल वर चढेपर्यंत, एवढं चालेल. त्यापुढे ती राहिली तर चेनचं काम आहे. सायलेन्सरमागे कोणाला तरी उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि गोडसर वास येत असेल तर इंजिनचं हेड गॅस्केट गेलं असण्याची शक्यता.

स्कॅनर लावाच. गाडीच्या संगणकातले बिघाड मोबाइलवर दाखवणारा ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर हजाराच्या आत मिळतो, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला बसतो. नुसते फॉल्ट कोड बघून थांबू नका. ‘रेडिनेस मॉनिटर’ नावाचं पान उघडा. कोणी विकण्याआधी चेक इंजिनचा दिवा घालवायला कोड पुसले असतील तर तिथे काही तपासण्या अपूर्ण दिसतात, कारण ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) त्या पुन्हा करायला बरंच चालणं लागतं. बॅटरी काढली तरी हेच होतं, म्हणून अपूर्ण दिसलं की लगेच लबाडी समजू नका, कारण विचारा. फ्युएल ट्रिमचा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय त्याचा, लाँग टर्म आकडा अधिक-उणे १० च्या आत हवा.

क्लच. मोकळ्या सपाट जागी, समोर कोणी नाही असं बघून हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका, हलका रेस देऊन क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट पकडते आहे. रेस चढत राहिला आणि गाडी जागची हलली नाही तर प्लेट संपली. ही चाचणी एकदाच करा, पुन्हापुन्हा केली तर चांगली प्लेटही जळेल.

बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीवर मल्टिमीटर १२.६ व्होल्ट दाखवेल तर पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे निम्मी. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. त्याहून कमी असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट.

टायर. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कायद्यानं १.६ मिलिमीटर पुरते, पण घाटात पावसाळ्यात ३ च्या खाली गेलेल्या टायरवर भरवसा ठेवू नये. सहा वर्षांवरचा टायर नक्षी असली तरी कडक झालेला असतो. पुढच्या दोन टायरची आतली कड जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट, लोअर आर्मचे बुश किंवा मार खाल्लेला आर्म.

चालवताना काच बंद, गाणी बंद. खराब रस्त्यावर पुढून टकटक आली तर बहुतेक वेळा लिंक रॉड, तो स्वस्तात होतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे घेताना कटकट आली तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी घरघर व्हील बेअरिंगची.

मीटर मागे फिरवलाय का, हे मीटर बघून कळत नाही. नोंदणी क्रमांकावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून नोंदी काढायला मालकाला सांगा, प्रत्येक भेटीला किलोमीटर लिहिलेले असतात. त्यांच्या जोडीला ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची बाजू बघा. ४८,००० च्या गाडीचं पेडल रबर टक्कल पडलेलं असू नये.

---

खाडीकाठ

विमापत्र, मुद्दा बरोबर आहे, पण एमएच ०८ म्हटलं की गाडी बुडालेलीच, असा समज पसरू नये. ही पाटी अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याची आहे. दापोली, गुहागर, राजापूरच्या सुस्थितीतल्या गाड्याही यामुळे भावात मार खातात. उलट बुडालेली गाडी विकली जाऊन लांब कुठेतरी फिरत असू शकते. २०१९ आणि २०२१ ला सांगली-कोल्हापुरातही पाणी होतं. तेव्हा पाटी बघून नाही, गाडी उघडून ठरवा.

पाणी शिरलेली गाडी बाहेरून धुता येते, पण काही जागांपर्यंत साफ करणाऱ्याचा हात जात नाही. तिथेच बघायचं:

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, अगदी थांबेपर्यंत. वरचा भाग रोज हाताळला जातो, आतला शेवटचा फूटभर पट्टा गुंडाळलेलाच राहतो. तिथे मातीची पिवळट रेघ किंवा डाग असेल तर पाणी खांबाच्या त्या उंचीपर्यंत चढलं होतं. बेल्ट अख्खा नवा असेल तर त्याच्या लेबलवरची निर्मितीची तारीख गाडीच्या वर्षाशी जुळते का बघा.

पुढची सीट पूर्ण मागे सरकवून रुळाचे बोल्ट बघा. आतल्या बोल्टवर गंज येण्याचं दुसरं कारण फारसं नसतं. त्यावर पान्याच्या खुणा असतील तर सीट काढली होती. दाराखालची प्लॅस्टिक पट्टी उचकून मॅटिंगखालचा फोम दाबा. वरचं मॅटिंग नवं टाकता येतं, खालचा फोम क्वचितच बदलतात. तो ओलसर लागला, कुबट वास आला किंवा बोटाला बारीक गाळ लागला तर तिथूनच परत फिरा.

स्टेपनी काढून तिच्या खोबणीचे कोपरे बघा. हेडलाइटच्या आत आडवी पाण्याची रेघ आहे का बघा. डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समधला एखादा फ्यूज काढून पिना बघा, हिरवट थर म्हणजे तांबं गंजतंय. बुडालेली गाडी महिना-दोन महिने नीट चालते. मग हाच हिरवा थर कनेक्टरमध्ये वाढत जातो आणि एके दिवशी पॉवर विंडो, मग सेंट्रल लॉक, मग एअरबॅगचा दिवा, असं एकेक सुरू होतं. वायरिंगचा असा आजार गॅरेजवाल्याला शोधायला सगळ्यात अवघड जातो.

आणि पाण्यात असताना कोणी सेल्फ मारला असेल तर वेगळीच भानगड. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो. इंजिन तरीही चालतं. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत. एकच खाली असेल तर ती गाडी नको.

---

कोयनाकाठ (कराड)

सगळ्यांचे मनापासून आभार. चिपळूणच्या एजंटकडे जुन्या पॉलिसी मागितल्या. त्यांनी चालू थर्ड पार्टी पाठवली आणि बाकी मिळणार नाही म्हणाले. मॅटिंग उचलून बघायलाही तयार नाहीत. ती गाडी सोडली.

पुण्याची गाडी बघून आलो. आकडे असे: बॅटरी गाडी थंड असताना १२.१, चालू असताना १४.२. टायर चारही ०९१९, नक्षी ३ मिलिमीटर. फॉल्ट कोड नाही, पण दोन मॉनिटर अपूर्ण. फ्युएल ट्रिम अधिक ४. रंगाची जाडी (मायक्रॉनमध्ये) छपरावर ११०, बाकी सगळीकडे १०० ते १२५, फक्त डाव्या पुढच्या फेंडरवर २६०. डावीकडे पूर्ण वळवलं की कटकट येते. सर्व्हिसच्या नोंदी कंपनीत जुलै २०२२ पर्यंत, तेव्हा ४७,३००. नंतर बाहेर केली आहे. हे कसं वाचायचं? आणि बोजाचं काय करायचं?

---

दहा नंबर पाना

चांगली तपासणी केलीत. एकेक घेऊ.

छपराचा ११० हा तुमचा कंपनीचा रंग. २६० म्हणजे फेंडर पुन्हा रंगवलंय, खाली पातळ पुटी आहे. फेंडर बोल्टनं बसवलेला पत्रा आहे, तो घासला, रंगवला, यात बिघडत नाही. बघायचं ते त्याच्या मागे. बोनेट उघडून डावीकडचा आणि उजवीकडचा एप्रन (फेंडरमागचा आतला पत्रा) शेजारी-शेजारी बघा. कंपनीचे स्पॉट वेल्ड सारख्या अंतरावर, छोट्या गोल खळग्यांसारखे असतात. डावीकडे ते गायब असतील, सीलंट हातानं लावल्यासारखं जाडंभरडं असेल किंवा रेडिएटरचा आडवा सपोर्ट नवा दिसत असेल तर धक्का आतपर्यंत गेला होता. दोन्ही बाजू सारख्या असतील तर रंगाचा विषय सोडा. किमतीत मात्र वापरा.

बॅटरी १२.१ म्हणजे निम्म्याच्याही खाली. अल्टरनेटर ठीक आहे. अशी बॅटरी बहुतेक जंप देऊन किंवा काढून चार्ज केलेली असते, आणि अपूर्ण मॉनिटरचं कारण तेच असू शकतं. मालकाला सांगा, चार दिवस नेहमीसारखी वापरा, शंभर-दीडशे किलोमीटर, थोडा हायवे धरून. मग पुन्हा स्कॅन करा. मॉनिटर पूर्ण झाले आणि दिवा लागला नाही तर निर्धास्त. मालक याला तयारच नसेल तर मात्र विचार करा.

किलोमीटर जुळतात. जुलै २०२२ पर्यंत वर्षाला आठ हजारांच्या आसपास, त्यानंतर त्याहून कमी. मीटर फिरवल्याची खूण नाही. नंतरची बाहेरची बिलं मिळाली तर बघा, निदान ऑइल कधी बदललं ते कळेल.

खर्च धरा असा: १६५/८० आर १४ चे चार टायर अलाइनमेंट-बॅलन्सिंगसह १७ ते २० हजार. बॅटरी ४ ते ५ हजार. ऑइल, फिल्टर, प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल आणि गिअर ऑइल मिळून ७ ते ९ हजार. ड्राइव्ह शाफ्टचं खाली लिहितो. हे सगळं कागदावर मांडून मालकासमोर ठेवा. ३ लाख ७५ च्या आसपास सौदा व्हायला हरकत नाही.

---

आरटीओ खिडकी

बोजा तोंडी मिटत नाही. कर्ज फिटलं तरी आरसीवरून तो आपोआप जाईलच असं नाही. मालकानं बँकेकडून एनओसी (ना हरकत पत्र) आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ दोन प्रतींत आणायचा. एनओसीला मुदत असते, त्यामुळे कपाटातली जुनी चालणार नाही, ताजी घ्या. बोजा उतरल्याचं परिवहन पोर्टलवर दिसेपर्यंत मोठी रक्कम देऊ नका. बयाणा पाच-दहा हजार, तोही बँकेतून, आणि ‘बोजा न उतरल्यास परत’ असं लिहून.

नाव लावायला फॉर्म २९ दोन प्रती आणि फॉर्म ३०. विकणाऱ्याची सही आरटीओच्या नोंदीशी जुळली पाहिजे. कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा. गाडी पुण्याहून कराडच्या हद्दीत येते, म्हणून पुणे आरटीओची एनओसी लागते का ते कराडला आधी विचारा, म्हणजे फेरा वाचेल. राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, तेव्हा एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाट्या लागलेल्या हव्यात. नसतील तर मालकाकडूनच लावून घ्या, त्याशिवाय कामं अडतात. थकलेली ई-चलनं त्यांनीच भरायची.

मालकाला घाई नसेल तर त्यांनाही सांगा: नाव बदललं नाही तोवर अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाच्या अंगावर येते, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणून किल्ली घेताना तारीख आणि वेळ घालून ताबापावती करा, दोघांच्या सह्या, दोघांकडे एकेक प्रत. दोन्ही किल्ल्या मागा. या गाडीला इमोबिलायझर (किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) आहे, त्यामुळे हरवलेली दुसरी किल्ली साध्या किल्लीवाल्याकडे होत नाही. जुना फास्टॅग मालकानं बंद करायचा, तुम्ही नवा घ्या.

---

विमापत्र

एवढंच जोडतो. विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर तुमच्याकडे येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं पॉलिसी तुमच्या नावावर झाल्यावरच मिळतं. मालकाचा बोनस त्यांचा, त्यामुळे उरलेल्या मुदतीचा फरक कंपनी तुमच्याकडून घेईल. सौदा करताना ही रक्कम विसरू नका.

---

कोयनाकाठ (कराड)

मालक पुन्हा स्कॅन करू द्यायला तयार आहेत, बँकेत एनओसीचा अर्जही दिलाय. दहा नंबर पाना, कटकटीचं तेवढं सांगा. अख्खा शाफ्ट बदलावा लागतो का?

---

दहा नंबर पाना

बहुतेक वेळा नाही. गाडी लिफ्टवर घ्या, दोन्ही पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला शाफ्टवरचं रबरी बूट बघा. बूट फाटलं की ग्रीस उडून जातं आणि धूळ-पाणी आत जाऊन जॉइंटच्या गोळ्या आणि त्यांच्या खाचा झिजतात. बूट फाटलंय पण आवाज नाही, तेव्हा नुसतं बूट आणि नवं ग्रीस पुरतं. तुमच्याकडे आवाज सुरू झालाय, म्हणजे बाहेरचा जॉइंट बदलायचा, नव्या बूट-ग्रीस-क्लिपसह. आतला जॉइंट आणि शाफ्ट तोच राहतो. डावीकडे वळवल्यावर आवाज आला तर आधी उजव्या चाकाचा जॉइंट तपासा, वळणाच्या बाहेरच्या चाकावर भार जास्त येतो. मेकॅनिकला सांगा, हबचा मोठा नट नवाच घाल आणि टॉर्क रेंचनं आवळ. शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढला तर गिअर ऑइल थोडं सांडतंच. तसंही तुम्ही ते बदलणार आहात, तर दोन्ही कामं एकाच दिवशी करून घ्या, आणि शाफ्टचं ऑइल सीलही त्याच वेळी घालून टाका.